सुट्टीवरची वाद्यं

इनास फोनवर कधीच हळू बोलत नाही. गोराईच्या खाडीत होडी हाकणारा माणूस. इंजिनाच्या वर ओरडून ओरडून त्याचा गळा कायमचा वरच्या पट्टीत अडकलेला. मरोळच्या आमच्या कारखान्यात त्याचा फोन आला की स्टोअरमधली सगळी माणसं काम थांबवून ऐकतात. त्या दुपारी मात्र तो इतका हळू बोलला की मी रिसीव्हर कानावर दाबून धरला, आणि पुढचे शब्द यायच्या आधीच मला कळलं. "मास्टर... घाडीकाका गेला." आणि मी, वीस-बावीस वर्षं हौशी नाटकांत हजरजबाबी म्हणून मिरवलेला माणूस, काय विचारावं? "कुठे गेला?" इनास म्हणाला, "तू पन ना यार... खुर्चीतच गेला. जेवला, बसला, गेला."

या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. चेहरा लांब करून लिहायचं ठरवलं होतं, दोनदा कागद फाडले. बाबल घाडी या माणसाबद्दल तसं लिहिताच येत नाही. लिहिलं असतं तर तो वरून म्हणाला असता, "काय रे नाटक्या, तालीम करूक नाय वाटता?" तेव्हा जसं आठवेल तसं सांगतो.

गोराईच्या किनाऱ्यावर, सुरूच्या झाडांमागे एक जुना दुमजली बंगला आहे. रावसाहेब म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका सॉलिसिटरनं तो हवापालटासाठी बांधला, आणि मग हवेपेक्षा जास्त वाद्यांनीच भरून टाकला. सारंग्या, दिलरुबे, सतारी, मिटली की सुटकेससारखी दिसणारी एक पेटी, दोघांनी मिळून उचलायचं एक शिंग, गोव्याकडचं मातीच्या मडक्याचं घुमट... रावसाहेबांच्या मागे त्यांच्या मुलीनं, माईसाहेबांनी, ट्रस्ट करून त्याचं संग्रहालय केलं. फाटकावर त्याचं लांबलचक नाव लिहिलंय, पण ते वाचायचे कष्ट कुणी घेत नाही. गावात सगळे 'बाजाबंगला' म्हणतात. बाबल घाडी तिथला राखणदार होता, म्हणजे कागदावर. खरं तर तो त्या वाद्यांचा मुकादम होता.

माणूस मूळचा मालवणकडचा, बिऱ्हाड दहिसरच्या चाळीत, आणि उमेदीची सगळी वर्षं गेली गिरणीच्या साचेखात्यात. तिथे कापड विणायच्या मागाला साचा म्हणतात. शेकडो साचे एकदम खडखडत असताना कुठल्या साच्यावरचं सूत आता तुटणार, हे काकाला नुसत्या आवाजावरून कळायचं. संपात गिरणी सुटली तेव्हा मिळेल ते काम करत तो एकदा बाजाबंगल्याच्या छपरावर कौलं बदलायला चढला होता. खाली दिवाणखान्यात शहरातून आलेले एक कारागीर माईसाहेबांसमोर सारंगी जुळवत होते. छपरातून एकदम आवाज आला, "थांब थांब, तुटतली!" आणि तार तुटली. माईसाहेबांनी वर पाहिलं. कौलांच्या भोकातून एक टकलं डोकं खाली बघत होतं. "तुम्हाला वाद्यांतलं कळतं?" त्यांनी विचारलं. डोकं म्हणालं, "वाद्यातला नाय, ताणातला कळता. सूत काय नि तार काय." महिन्याभरात ते डोकं बंगल्याच्या नोकरीत होतं, आणि त्या कारागिराकडून काम शिकून वर त्याच्याच चुका काढत होतं.

माझी ओळख भांडणातून झाली. अंधेरीच्या आमच्या नाटकमंडळीला एका प्रयोगासाठी दिलरुबा हवा होता. मी चांगले कपडे करून, खास दरबारी आवाज लावून मागायला गेलो. काकानं सगळं भाषण शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "वाद्य खाडी वलांडूचा नाय. नाटक हंय घेवन ये." मी चिडून परत आलो... आणि पंधरा दिवसांनी अख्खी मंडळी, पडदा आणि तीन ट्रंका इनासच्या होडीत घालून तिथे हजर झालो. व्हरांड्यावर प्रयोग झाला. अर्धं गाव आलं होतं. माझ्या सगळ्यात करुण स्वगताला पहिल्या रांगेतून काका मोठ्यानं म्हणाला, "पट्टी चढली रे, उतर जरा." तेव्हापासून मी त्याचा झालो.

तो तसाच सगळ्यांना धरून ठेवायचा. चर्चची पायपेटी बिघडली तेव्हा त्यानं ती दुरुस्त केली आणि स्वतःच्या कानाप्रमाणे बंगल्यातल्या वाद्यांच्या सुरात लावली. मग चर्चची गाणारी मंडळी, त्यात इनास आणि त्याची बायकोही, दर रविवारी दुपारी बंगल्यातच सराव करू लागली. हात लावायला बंदी असलेली संग्रहालयं मी पुष्कळ पाहिलीयत. इथे उलटं होतं. वाजवल्याशिवाय कुणी परत गेलं की काकाला तो अपमान वाटायचा. मला आणि इनासला तर त्यानं तारा जुळवायलाही बसवलं.

आणि नेमकं हेच एकदा धोक्यात आलं. खारी हवा लाकूड आणि तारा खाते, हे काही खोटं नव्हतं. कुणा तज्ज्ञानं माईसाहेबांना सल्ला दिला की वाद्यं शहरात हलवून बंद पेट्यांत ठेवा, तरच टिकतील. माईसाहेब सत्तरीच्या, पार्ल्यात राहणाऱ्या, बोलणं सुरीसारखं. त्यांचा निरोप आला, पेट्या तयार आहेत. काका मला म्हणाला, "तू बोलतस बरो. तिका सांग, हवेन वाद्य मरत नाय, हात लागाचे थांबले की मरता. येवन आयक म्हणा." मी फोन केला. माईसाहेब म्हणाल्या, "येते. पेट्या बरोबर घेऊनच येते. मला सुरात ऐकू आली तर राहतील, नाहीतर माझ्याबरोबर निघतील. दिवस सांगा." मी ऐटीत एक सोमवार सांगून टाकला. का, तर त्या दिवशी आमचा कारखाना दुपारी लवकर सुटायचा होता. कारखाना का सुटणार आहे, हा प्रश्न माझ्या डोक्याला शिवलासुद्धा नाही.

उत्तर त्या सोमवारी सकाळी मिळालं. कारखान्यात पाऊल टाकलं तर लेथ मशीनला झेंडूची माळ! फोरमन ड्रिलला हळदकुंकू लावत होता. खंडेनवमी! या दिवशी माणूस आपल्या हत्याराची पूजा करतो, आणि पूजा झाली की दसऱ्यापर्यंत त्याला कामाला लावत नाही. गिरणीत काकानं हा नेम कधी मोडला नव्हता. आणि त्याची हत्यारं आता काय होती? सारंग्या आणि दिलरुबे.

मी पळत सुटलो. इनासनं होडी जेवढी हाणता येईल तेवढी हाणली. बंगल्यात शिरलो आणि जागीच थांबलो. दिवाणखान्यात पांढऱ्या चादरींवर सगळी वाद्यं ओळीनं मांडलेली, प्रत्येकाला झेंडूचं फूल, प्रत्येकाला कुंकवाचं बोट. काकाच्या अंगात धुतलेला सदरा. बिचाऱ्याला मी फक्त दिवस कळवला होता; त्याला वाटलं, माईसाहेब मुद्दाम पूजेला येतायत! म्हणून त्यानं चर्चच्या मंडळींनाही प्रसादाला बोलावलं होतं. ती सगळी भिंतीला टेकून रांगेत उभी होती. आणि मधोमध खुर्चीत माईसाहेब, मागे रिकाम्या लाकडी पेट्या घेतलेले चार हमाल.

"घाडी, सजावट छान आहे," त्या म्हणाल्या. "आता वाजवा."

"आज नाय माईसाहेब. आज तेंची सुट्टी."

"उद्या मी येणार नाही."

"मग तुमची मर्जी," काका म्हणाला. त्यानं हात मागे बांधले होते. मी त्याला कोपऱ्यात ओढलं. "काका, एक दिवस! एकच तार छेड! सगळं जाईल रे!" तो म्हणाला, "गरज पडली म्हणान मोडलंय, तर तो नेम कसलो?"

मग मला एकदम सुचलं. घाडी नुसतं आडनाव नाही. कोकणात गावाच्या वतीनं देवाला गाऱ्हाणं घालणारा तो घाडी. तो मोठ्यानं मागणं मागतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ देतात. काकाच्या घराण्याचा तो मान. "काका, गाऱ्हाणं घाल," मी म्हटलं. "देवीलाच विचार ना, चालेल का म्हणून!" काकानं डोळे मिटले, हात जोडले आणि छपराला ऐकू जाईल अशा आवाजात सुरुवात केली.

"बा शारदे माते! आज तुझ्या लेकरांचो रजेचो दिवस. पण आमच्या ह्या नाटक्यान घोळ घातल्यान. तेना कॅलिंडर बघूक नाय. तेका पदरात घे!"

"व्हय म्हाराजा," मी एकटाच, मान खाली घालून.

"माईसाहेब खाडी वलांडून इले आसत. तेंचो राग वायच शांत कर!"

"व्हय म्हाराजा." माईसाहेबांची भुवई वर गेली.

"आनी ह्या घरातलो आवाज, माते, ह्याच घरात रवांदे..."

इथे तो थांबला. मी माईसाहेबांचा चेहरा बघत होतो, 'व्हय म्हाराजा' म्हणायचंच राहिलं. भिंतीपाशी उभ्या असलेल्या मंडळींना मालवणी गाऱ्हाण्याची रीत काय ठाऊक? त्यांना एवढंच कळलं की प्रार्थना संपली, आणि उत्तर देणारं कुणी नाही. तेव्हा त्यांनी आपल्या रीतीनं दिलं. इनासनं सरावातला नेहमीचा सूर धरला आणि दहा-बारा गळ्यांतून, रविवारी गायचे तसं, लांब, भरघोस "आ...मेन" उठलं.

ते थांबलं. आणि खोली थांबली नाही.

चादरीवरून आवाज येत होता. मधमाश्यांच्या पोळ्यासारखा, पण सुरात. सारंगी, दिलरुबा, सतार यांच्या मुख्य तारांखाली बारीक तारा असतात, तरफेच्या. त्यांना कुणी छेडत नाही. आपला सूर हवेत आला की त्या आपोआप बोलतात. पण केव्हा? नीट जुळवलेल्या असतील तेव्हाच. कुणाचंही बोट लागलं नव्हतं, आणि ओळीतली वाद्यं एकामागून एक गुणगुणत होती.

माईसाहेब उठून उभ्या राहिल्या. "कोण वाजवतंय?"

"कोण नाय माईसाहेब," काका डोळे पुसत म्हणाला. "सुट्टीवर आसत. पण जागे आसत."

माईसाहेबांनी प्रसाद घेतला. जाताना व्हरांड्यात थांबून म्हणाल्या, "उद्या दसरा. सीमोल्लंघनाला कुठेतरी जायचंच असतं. पुन्हा खाडी ओलांडून इथे आले तर चालेल ना?" पेट्या तिथेच राहिल्या. इनासच्या बायकोनं त्यांत कोंबड्या ठेवल्या आहेत, आणि त्या चांगली अंडी देतात.

काका गेल्यावर महिन्याभरानं माईसाहेबांनी मला आणि इनासला बोलावलं. मी मनात वाईट बातमीची तयारी करून गेलो. त्या म्हणाल्या, "आता जुळवणार कोण?" आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. "बघू नका. घाडींनी तुम्हाला शिकवलंय ना? मंगळवार-शुक्रवार इनास. रविवार तुम्ही. गुरुवारी मी येईन. मला दिलरुबा येतो, लहानपणी शिकलेय." आम्हाला हे कुणालाच ठाऊक नव्हतं. काकाला असणार...

एक सांगायचंच राहिलं. बंगल्याच्या मागच्या दारी एक नळ आहे. काकाची सक्ती होती, वाद्याला हात लावायचा तर आधी इथे हात धुवायचे, खिळ्यावरच्या पंच्याला पुसायचे, आणि मग ते त्याच्या नाकापुढे धरायचे. तो हुंगायचा. "बोंबील! परत धुव!" गिरणीत तेलकट हाताचा कापडावर डाग पडला की कापड वाया जायचं, तिथली ही सवय. त्यातून माईसाहेबही सुटल्या नव्हत्या.

गेल्या रविवारी माझी पहिली पाळी होती. होडीत बसल्या बसल्या मी ठरवलं होतं की तो पंचा धुऊन, घडी करून काचेच्या कपाटात ठेवायचा. कपाटावरच्या चिठ्ठीचा मजकूरही तयार केला होता, थोडा भावनाप्रधान. बंगल्यामागे पोचलो. आतून कुणीतरी पेटीवर चुकतमाकत काहीतरी वाजवत होतं, आणि दुसरं कुणीतरी हसत होतं. पंचा खिळ्यावर होता. हातात घेतला तर चिंब. सकाळपासून इतक्या जणांनी हात पुसले होते की मला हात पुसायला कोरडा कोपरा शोधावा लागला.

तो सापडला. पंचा परत खिळ्यावर लावला, हात हुंगले आणि आत गेलो.