डोक्याले हात लावलेला फोटो

हे मी कोनालेच सांगतलं नाई. बायकोलेई नाई — अन तिले तं माह्या पोटात किती पोळ्या गेल्या हेई माहीत असते. तुमाले काहून सांगून राह्यलो? तुमी मले ओळखत नाई म्हनून असन.

शाळेचं म्हनाल तं मी दुसरीतूनच पळालो. अक्षर जमलं नाई, म्हटलं फोटो जमन. लग्नात फोटो काढाचो — नवरदेवाचं मुंडकं कापून. एकदा तं साऱ्या रोलवर नुसतं बोट निघालं. माह्यंच.

मंग बबनभाऊ भेटले. यवतमाळच्या पेपरचे फोटोग्राफर. माहे फोटो पाहून त्याईले हसता हसता खोकला आला. म्हने, उद्यापासून माह्या गाडीवर बस. काय सांगू ते दिवस! दोन वर्सं त्याईच्या मागं बसून जिल्हा फिरलो, भजे खाल्ले, धूळ खाल्ली, अन एकच गोष्ट शिकलो. ते म्हनत, "मानसाले बसव-उठव करू नोको. जसा आहे तसा घे. नाई तं रिकामा ये."

कापसाचे वाईट दिवस होते ते, गावोगाव शेतकरी जीव देत होते. पेपरले रोज दुखी चेहरा पायजे. बबनभाऊचा पाय प्लास्टरमंदी, म्हनून कॅमेरा माह्या गळ्यात आला. मी काय चालून राह्यलो होतो? उडून राह्यलो होतो.

बोरी अरबच्या पुढं एका वावरात एक बाई, इंदूवहिनी, कापूस वेचत होत्या. मी फोटोसाठी मागं मागं सरकलो, अन धपकन बोराटीवर बसलो. वहिनी अशा हसल्या, का ओटीतला कापूस सांडला. तो फोटो घेतला बरं मी, काटे टोचत असतानी. पन पेपरले हसनारी बाई चालते का? मले वाटलं, नाई.

म्हन्लं, "वहिनी, डोक्याले हात लावून बसा जरा."

"काहून? कोन मेलं?"

पन बसल्या बिचाऱ्या, हसू दाबत.

रोल मीच धुतला. हसऱ्या फोटोची पट्टी कापली — अन चुलीत टाकली. बबनभाऊनं इचारलं, बाई अशीच बसली होती का? मी हो म्हन्लं.

फोटो छापून आला, बबनभाऊच्या नावानं. त्या सालात तसा फोटो म्हनजे घरधनी गेला, असंच लोक समजत. दुसऱ्या दिवशी ढाणकीवरून वहिनीचं माहेर जीप भरून आलं, वेशीपासून रडत. दारात जावई, गुलाबभाऊ, तोंडाले साबन लावून दाढी करून राह्यले होते. ते पांढरं तोंड पाहून सासू अजूनच किंचाळली. मंग जे हसनं सुरू झालं! सासूनं जावयालेच झाडलं, का जित्ते होते तं कळवाचं नाई का. अन सारे वरन-पोळी खाऊन गेले.

पन गुलाबभाऊ पेपर घेऊन बबनभाऊकडं जाब इचाराले आले. संग वहिनी. वहिनी म्हने, यानंच बसवलं मले तसं. बबनभाऊनं माह्याकडं पाह्यलं. आता बोलाचं होतं ना? तोंड तं जलमभर चालूच आहे माहं. मी म्हन्लं — नाई. मी नाई बसवलं.

बबनभाऊ म्हने, "हा गप्पा वाट्टेल त्या मारते, पन फोटोत खोटं करत नाई. बाई, तुमीच इसरल्या असान."

वहिनी खोट्या पडल्या. नवऱ्यासमोर, परक्या मानसासमोर.

त्यानंतर मी कोनालेच बसव-उठव केलं नाई. माह्या अल्बमात नवऱ्या जांभया देतेत, वरबाप नाक खाजवतेत. लोक आंधी शिव्या देतेत, मंग घरी पोट धरून हसतेत, अन दुसऱ्या पोराच्या लग्नाले मलेच बोलावतेत. म्हनतेत, बबनभाऊचा चेला.

गेल्या साली वहिनीच्या पोरीचं लग्न झालं. फोटो मीच काढले. बबनभाऊ आलते. पंगतीत माह्या खांद्यावर हात ठेवून त्याईनं वहिनीले सांगतलं, "यानं जलमात खोटा फोटो काढला नाई."

वहिनीनं माह्याकडं पाह्यलं. हसल्या, अन माह्या पानात अजून एक जिलबी टाकली. मी ते खाल्ली.

वहिनीले मीच बसवलं होतं.