एकोणीस की अठ्ठावीस?

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नाही. सोसायटीच्या गेटपाशी कुणी उतरवून टाकलेला नारळ दिसला तर मी तो उचलून घरी आणते आणि चटणी करते. सासूबाईंनी ही गोष्ट अख्ख्या सीवूड्सला सांगितली आहे. शिवाय माझं कामच हाडांचं... मी एका मेडिकल कॉलेजात फॉरेन्सिक शिकवते. पोलिसांना कुठे हाडं सापडली की ती आमच्याकडे येतात आणि मी सांगते — बाई की पुरुष, वय काय, उंची किती. वीस वर्षं हेच करतेय. भुतं असती तर एव्हाना एखादं तरी ओळख सांगायला आलं असतं.

तर हे मागच्या वर्षीचं. करावे गावामागे, खाडीलगतच्या खारफुटीत हाडं मिळाली. पीएसआयने गोणी टेबलावर ठेवली आणि सांगायला तोंड उघडलं. मी हात वर केला.

"साहेब, कोण हरवलंय, किती वर्षांचं, एक अक्षर बोलू नका. आधी मला बघू द्या."

"बरं मॅडम. एवढंच सांगतो, कमरेच्या हाडातून खारफुटीचं मूळ आरपार गेलं होतं. अंगठ्याएवढं जाड. कापून काढावं लागलं."

आमच्या सरांची एक शिस्त होती, ती मी आजही पाळते. वय तीनदा बघायचं, तीन वेगळ्या दिवशी. दर वेळी आकडा चिठ्ठीवर लिहून पाकिटात बंद करायचा आणि तिन्ही पाकिटं शेवटी एकदम फोडायची. माणूस आपल्या पहिल्याच आकड्याच्या प्रेमात पडतो, म्हणून ही खटपट.

आमचे अटेंडंट शांताराममामा, रिटायरमेंटला आलेले. त्यांनी हाडं धुतली, वाळवली, ब्राऊन पेपरवर माणूस निजल्यासारखी क्रमाने मांडली. कवटी नव्हती, डावा हात नव्हता. कमरेच्या हाडावरून बाई आहे हे पाच मिनिटांत कळलं. वयासाठी कॉलरबोन घेतलं. त्याच्या छातीकडच्या टोकावर हाडाचीच एक पातळ टोपी असते. तरुण वयात ती सुटी असते, मग हळूहळू जुळत जाते आणि तिशीच्या आसपास हाडाशी एकजीव होते. इथे ती सुटी होती, चिंचोक्याएवढी. मामांनी ती छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत घातली, लेबल लावलं, सील केलं. मी चिठ्ठी लिहिली आणि लेक्चरला गेले.

दोन दिवसांनी दुसरी खेप. बाहेर बाकावर एक कोळीण बसली होती, पन्नाशीची. डीएनएसाठी रक्त द्यायला पोलिसांनी तिला आणलं होतं आणि रक्त देऊन झाल्यावर ती सरळ माझ्या दारात येऊन बसली.

"मावशी, इथे बसायचं नाही," मी जरा तोडूनच बोलले.

"बसू दे गो बाय. ती माजी दीपाली नाय, यवराच सांग."

मी नको नको म्हणेपर्यंत तिने सगळं सांगून टाकलं. पोरीला मॉलमध्ये नोकरी धरायची होती. हिला ती मासळीच्या पाटीवर हवी होती. भांडण झालं, पोर घराबाहेर पडली. नऊ वर्षं झाली.

"एकोनीसची व्हती. मी बोलली तिला, जातेस त जा, परत तोंड दाखवू नको." तिने बोटांवर काहीतरी मोजलं. "आता अठ्ठावीसची झाली. मी वाढदिवसाला खीर करतेय ना दर वरसाला."

झाली असती, असं नाही. झाली.

मला चीड आली. कारण आता आकडा माझ्या कानात शिरला होता. तरी आत जाऊन बघितलं. कमरेच्या हाडाची वरची कडा, तीही वयानेच जुळते, पूर्ण जुळलेली दिसली. परवा इथे फट होती ना? पण पाकीट फोडायचं नाही म्हणजे नाही. मधल्या दोन दिवसांत आणखी दोन केसेस झाल्या होत्या, डोकं बधिर होतं. जे दिसलं ते लिहिलं.

तिसऱ्या खेपेला कॉलरबोन हातात घेतलं. टोक गुळगुळीत. टोपी जागेवर, एकजीव.

"मामा, ती पिशवी आणा."

मामांनी आणली. लेबल त्यांच्याच अक्षरातलं, सील शाबूत. आत काही नाही. मामा स्टुलावर बसले. "मॅडम, या हातांनी घातली हो मी... आईशप्पथ." पहिल्या दिवशीचे फोटो काढून बघितले. फोटोतही टोपी जुळलेली. मग पाकिटं फोडली. पहिल्यात अठरा ते वीस. दुसऱ्यात बावीस ते चोवीस. तिसऱ्यात सत्तावीस ते एकोणतीस. तिन्हींवर अक्षर माझंच.

घाबरले का? नाही. काहीच वाटलं नाही. लोकांना हे सांगितलं की ते नाराज होतात. मी चहा मागवला आणि रिपोर्ट लिहायला घेतला. टेबलावर दिसतं ते लिहायचं; कोर्टात चिठ्ठ्या चालत नाहीत. मृत्यूसमयीचं वय सत्तावीस ते एकोणतीस. स्त्री. सही.

मावशींना कळलं तेव्हा त्या माझ्या पायाच पडल्या. "मंग माजी नाय! माजी एकोनीसची गेली." दुसऱ्या दिवशी ताज्या निवट्या, खाडीच्या चिखलातली मासळी, घेऊन आल्या, साफ करून, डब्यात भरून. मी घेतल्या. घरी तळल्या, सगळ्यांनी खाल्ल्या.

दोन महिन्यांनी डीएनए आला. हाडं तिच्याच मुलीची होती.

पीएसआयने सरळ हिशोब मांडला. पोर नऊ वर्षं कुठेतरी जगली, अलीकडे मेली. मी म्हटलं, आणि ते मूळ? अंगठ्याएवढं मूळ काय काही महिन्यांत वाढतं? "मूळबीळ सोडा मॅडम, तुमचाच रिपोर्ट आहे," तो म्हणाला. बरोबरच होतं.

मावशी आल्या त्या दुपारी मी एकटीच होते. रडल्या नाहीत. समोर बसल्या आणि विचारलं, "मंग नव वरसं ती कुटं व्हती?"

मी म्हटलं, हाडांवरून ते कळत नाही. पहिली चिठ्ठी ड्रॉवरमध्ये होती. दाखवावी असं फार वाटलं. मावशी, ती त्याच दिवशी गेली, असं म्हणावं. पण ते खरं आहे हे मला तरी कुठे माहीत होतं? पोलिसांना पुरवणी पत्र लिहायला घेतलं होतं, दोन ओळींपुढे गेलं नाही. काय लिहिणार, हाडं टेबलावर मोठी झाली म्हणून? नजरचूक म्हणावी तर मामांची पिशवी आहे. चिठ्ठ्या खऱ्या म्हणाव्यात तर फोटो आहेत. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर सांगा. मी विचार करून थकले.

तेव्हा मी ड्रॉवर उघडला नाही. पाणी पुढे केलं, त्यांनी घेतलं नाही. दारापर्यंत गेल्या आणि चौकट धरून उभ्या राहिल्या.

"तिनी माजा कवाच आयकला नाय, बाय," त्या म्हणाल्या. "तोंड दाखवू नको, यवराच कसा आयकला?"