चारात एक, दर खेपेला

“आमचा नंबर लागून गेला, मॅडम. ह्या बाळाला सुई नाय टोचायची.”

सुनील वॉर्डाच्या दारात आडवा उभा. आत खाटेवर त्याची बायको चंद्रा, कुशीत आदल्या दिवशी जन्मलेला मुलगा. टोकावड्याच्या पुढच्या एका पाड्यावरून ही मंडळी आलेली. घरी मोठी मुलगी, तिला सिकलसेल. मी मुरबाड तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात त्याच आजाराची समुपदेशक. सुई टोचणं नर्सचं काम, डोकेफोड करणं माझं.

या आजारात रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात, हाडं ठणकतात. तान्ह्या बाळाचा साधा तापही जिवावर बेततो. वेळेत कळलं तर रोजचं औषध सुरू करता येतं, म्हणून टाचेतलं थोडं रक्त हवं होतं. सुनील आणि चंद्रा दोघंही वाहक. वाहकाला स्वतःला त्रास नसतो, पण दोघं वाहक असले की मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. हे मुलीच्या वेळी त्यांना सांगून झालेलं.

“मंग? चारातली एक झाली. आता तीन पोरं बरी. तुमचाच हिशोब ना?”

मी कपाळाला हात लावला. पण माणूस मूर्ख नव्हता. त्यांच्याकडं भाताची लावणी सावडीनं होते. आज सगळे मिळून याच्या शेतात, उद्या त्याच्या. एकदा तुमचं शेत लागलं की बाकीच्यांचं होईपर्यंत तुमचा नंबर नाही. आजारही तसाच घरात येतो, असं त्यानं धरलं होतं.

मी टेबलाच्या ड्रॉवरमधून चिंचोके काढले. दोघांच्या हातात दोन-दोन दिले, एक काळा आणि एक घासून पांढरा केलेला.

“पांढरा म्हणजे आजाराचा. डोळे मिटा आणि एक-एक द्या. दोन्ही पांढरे आले तर आजार.”

पहिल्याच खेपेला दोन्ही पांढरे आले. “ही तुमची मुलगी,” मी म्हणाले.

सुनीलनं आपला पांढरा चिंचोका उचलून खिडकीत टाकला. “हा संपला.”

“उचल तो! परत हातात घे. मुलीला दिलास म्हणून तुझ्या रक्तातून गेला का?”

तो थबकला. चिंचोका घेऊन आला. पुन्हा डाव मांडला. एक काळा, एक पांढरा. मग दोन्ही काळे. मग परत दोन्ही पांढरे.

चंद्रानं बाळाचं पाऊल दुपट्यातून बाहेर काढलं.

“टोचा, बाई.”

“अगो, थांब जरा...”

“टोचा म्हंते ना!”

रिपोर्ट आला. मुलालाही आजार होता. मला फार वाईट वाटलं. सुनील तावातावानं आला.

“चारात एक म्हणालात. आमच्यात तर दोनात दोन झाली! तुमचा हिशोब चुकला.”

“नाही चुकला, सुनील. तुमच्यासारखी शेकडो घरं मोजली तर चारात एकाच्या आसपास येतं. एका घराला कुणी तसा शब्द दिलेला नसतो.”

तो बाकड्यावर बसला आणि लहान पोरासारखा रडला. मी पाणी दिलं. दुसरं काय देणार?

औषध सुरू झालं. पुढच्या पावसाळ्यात बाळाला ताप भरला. मुलीच्या वेळी यांनी काढे देत घरी वाट पाहिली होती. या वेळी चंद्रानं चुलीवरचा भात तसाच सोडला आणि मिळेल त्या जीपनं दवाखाना गाठला. मूल वाचलं.

डिस्चार्जच्या दिवशी तिनं हळूच विचारलं, “तिसरं झालं तर, बाई?”

“परत चारात एक.”

“म्हंजे आदीच्या दोघांचा हिशोब काय धरत नाय?”

“काहीच नाही.”

तिनं मान हलवली आणि नर्सला कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनची तारीख विचारायला गेली.

आता नवं जोडपं समोर बसलं की मी आधी “दर खेपेला” म्हणते. आकडा नंतर सांगते.