ज्याचा त्याचा निरोप

कुणाला निरोप कसा द्यावा हे अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात एकाच माणसाला कळत होतं, आणि तो माणूस माझ्या सासरी होता. माझे थोरले दीर. आमचा शाळेचे गणवेश शिवायचा कारखाना. शिवणकाम माझे यजमान बघायचे आणि गिऱ्हाईकं भाऊजी सांभाळायचे. सांभाळायचे म्हणजे एखाद्यानं घरात वीसेक मांजरं पाळावीत तशी, प्रत्येकाची खोड लक्षात ठेवून. माळशिरसच्या दुकानदाराला फोन करायचा तो सकाळी आठच्या आत, कारण त्यानंतर तो उसात गेलेला असे. आणि आधी उसाची चौकशी करायची, मग चड्ड्यांची. पंढरपूरच्या व्यापाऱ्याशी तोंडी काही बोलायचंच नाही. बोललेलं तो दुसऱ्या दिवशी गोड हसून नाकारायचा, म्हणून त्याला सहीशिक्क्याचं पत्र. एका मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंना फोन करायचा तर भाऊजी आधी केस विंचरून, डोक्यावर टोपी ठेवून बसायचे. मी एकदा म्हटलं, "भाऊजी, त्यांना थोडंच दिसतंय?" तर म्हणाले, "दिसत न्हाय, पण आवाजात टोपी कळती की."

मोबाईलवर त्यांचा राग नव्हता. लातूरचा एक तरुण व्यापारी फोन आला की घाबरायचा, कुणीतरी गेलं असं त्याला वाटायचं. त्याला व्हॉट्सॲपच बरं, हे भाऊजींनीच ओळखलं. मग ते एका बोटानं अर्धा तास टाइप करत. वर 'श्री', खाली 'स. न. वि. वि.', आणि मग, 'निळे शर्ट उद्या निघतात.' त्यावर त्या पोरानं उलट नुसता अंगठा पाठवला. भाऊजी चार दिवस धुमसत होते. "माल वेळेत दिला तरी ठेंगा दाखवतोय!" व्हॉट्सॲपवर बोलून पाठवायचा निरोप तर त्यांना कधीच जमला नाही. दोन वाक्यं बोलून ते थांबायचे, समोरून 'हूं' यायची वाट बघत. 'हूं' आलं नाही की पुन्हा पहिल्यापासून. मी आणि माझे यजमान दारामागं उभे राहून पोट धरून हसायचो. आता ते हसू आठवलं की माझं मलाच कसंतरी होतं.

त्यांची सगळ्यात लाडकी जागा म्हणजे अक्कलकोटचे आप्पा. लहानसं दुकान, अर्धं बोलणं कानडी अर्धं मराठी, आणि गावातली एक जुनी शाळा वर्षानुवर्षं त्यांच्याकडूनच गणवेश घेत आलेली. आप्पांकडे भाऊजी स्वतः जायचे, दर महिन्याला, एस्टीनं. काम दहा मिनिटांचं, बसणं दुपारभर. "वाईट बातमी असली तर आपलं तोंड घेऊन जावं," भाऊजी म्हणायचे. "समोरच्याला चिडायला कायतरी पायजे का न्हाय?"

तीन वर्षांपूर्वी ऐन जूनच्या तोंडावर त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि गिऱ्हाईकं माझ्याकडे आली. त्याच आठवड्यात चौकड्याचं कापड चुकीच्या रंगाचं आलं. ते परत पाठवावं लागलं. अक्कलकोटचा माल आठ दिवस लांबणार होता. भाऊजी पट्टी बांधून पलंगावर पडलेले. म्हणाले, "तू आप्पांकडं जाऊन ये. तासाभराची तर बस हाय."

मी हो म्हटलं. आणि गेले नाही. कारखान्यात शिलाईच्या बायका माझी वाट बघत होत्या, फोन थांबत नव्हता. मी आप्पांच्या नंबरावर नीट, नम्र मेसेज टाकला. थोड्या वेळानं दोन निळ्या खुणा उमटल्या आणि माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. भाऊजींनी विचारलं, "आप्पांना कळवलंस?" मी म्हटलं, "कळवलं." हे खोटं नव्हतं. पण खरंही नव्हतं.

तो फोन आप्पांच्या नातीच्या हातात असायचा. तिनं मेसेज उघडला आणि सांगायला विसरली. आप्पांना मराठी अक्षर वाचायचा कंटाळा, मोबाईलवरचं तर ते वाचतच नसत. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी आईबाप पोरांना घेऊन दुकानासमोर उभे, आणि आप्पा 'आत्ता येईल, सोलापूरची माणसं शब्दाची पक्की' म्हणत संध्याकाळपर्यंत रस्त्याकडे बघत बसले. शाळेनं लगेच पुढल्या वर्षासाठी दुसरा दुकानदार धरला.

हे कळलं त्याच दिवशी भाऊजी अक्कलकोटला निघाले. डोळ्यावर हिरवा चष्मा चढवून एस्टीनं गेले, आणि नेहमीच्या मानानं फार लवकर परत आले.

"काय म्हणाले आप्पा?" मी विचारलं.

"चहा दिला."

"चिडले का?"

"'तोंड असताना बोट कशाला पाठवलं' म्हणाले." एवढं सांगून ते हातपाय धुवायला गेले.

त्यानंतर ते अक्कलकोटला गेले नाहीत. बाकीच्या गिऱ्हाइकांशी पूर्वीसारखेच वागले. माळशिरसला ऊस विचारला, मुख्याध्यापिकाबाईंसाठी टोपी घातली. पण महिन्यातली एक दुपार रिकामी राहायला लागली. त्या दुपारी ते कारखान्यात उगाच बटणांचे डबे लावत बसायचे. मी दोनदा म्हटलं, "आपण दोघं जाऊ या का?" ते म्हणायचे, "त्यांना वाटंल तवा बोलावतील की." मला माफी मागायला जायचं होतं, पण प्रत्येक वेळी एखादी ऑर्डर आडवी आली; खरं सांगायचं तर मी ती आडवी येऊ दिली.

गेल्या हिवाळ्यात भाऊजी गेले. झोपेतच. तेराव्यानंतर मी पहिल्यांदा अक्कलकोटची बस धरली.

आप्पा गल्ल्यावर होते, बरेच थकलेले. मी कोण ते सांगितलं, मग भाऊजींचं सांगितलं. त्यांनी हातातली टेप हळूच गुंडाळली. मीच म्हणाले, "आप्पा, तो मेसेज मी पाठवला होता. त्यांनी मला तुमच्याकडं यायला सांगितलं होतं."

"ठाऊक हाय की," आप्पा म्हणाले. "ते आले तवा म्हणाले, 'माझीच चूक, मीच पाठवलं.' डोळ्याला पट्टी असताना म्हणे मोबाईल लिवला! मला काय कळत न्हाय व्हय? शाळा गेली त्याचं न्हाय वाटलं एवढं. माझ्याशी खोटं बोलले, त्याचं लई वाटलं."

"मग त्यांना म्हणाला का नाहीत?"

"म्हटलं, येतील पुढल्या महिन्यात, तवा बोलू." त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. "ते आलेच न्हाईत. मी बी निरोप धाडला न्हाय."

घरी भाऊजी बोलावण्याची वाट बघत होते आणि इथं आप्पा येण्याची. माझं नाव पुढं येऊ नये म्हणून भाऊजी खोटं बोलले होते, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. मी रडायला लागले तसे आप्पा गडबडले. तेवढ्यात एक बाई मुलीला घेऊन फ्रॉक घ्यायला आली. आप्पांना वाकता येईना, म्हणून पोरीच्या गुडघ्यापर्यंतचं माप मी घेतलं, आणि ते त्यांनी कानडीतून पुटपुटत लिहून घेतलं.

आता मी अधूनमधून जाते. कामाचं काही नसतं. ती शाळा परत आली नाही आणि मीही ऑर्डर विचारत नाही. आप्पा मला भाऊजींच्या तरुणपणच्या गोष्टी सांगतात, ज्या आमच्या घरात कुणालाच माहीत नाहीत. मी ऐकते. मधेच ते थांबतात, आणि मला वाटतं, इथं माझ्या जागी बसायचा हक्क ज्याचा होता त्याला तासाभराचा हा रस्ता माझ्यामुळं दोन वर्षं ओलांडता आला नाही. आप्पा तसं कधी म्हणत नाहीत. ते एवढंच विचारतात, "चहा सांगू का आणखी?" आणि मी हो म्हणते.