मायचा हाकारा

लेकराला "घाबरू नकोस" म्हणणाऱ्या माणसांचा मला अजून राग येतो. अरे, घाबरलंय ना ते? मग!

ऐंशीनंतरच्या वर्षांतली, एटापल्लीकडच्या आमच्या गावातली गोष्ट. मी तिसरीत होते. उन्हाळा लागला की उजाडता उजाडता बायका-पोरं मोहफुलं वेचायला जंगलात जायची. झाडाजवळ पोचायच्या आधीच 'हो... हो...' असा हाकारा घालायची. मोहफुलं अस्वलालाही आवडतात, आणि माणसाची चाहूल लागली की ते आपणहून निघून जातं. एवढी साधी रीत. पण मला त्या दिवशी भारी घाई! शेजारच्या पोरींआधी आपलं झाड गाठायचं म्हणून मायला मागे टाकून मी गुपचूप पुढे पळाले. झाडाखाली अस्वल. त्यानं मान वर केली, जोरात फुसकारलं आणि झुडपात शिरलं. मला काही केलं नाही. माझा परकर मात्र ओला झाला.

त्यानंतर मी शाळेत जाईना. शाळा शेजारच्या गावात, आणि वाट त्याच मोहांमधून. मामा हसायचा, "अस्वलाले भेऊन कोनी शाळा सोडते का वो?" एकदा तर त्यानं मला ओढत गावाबाहेर नेलं. मी त्याच्या हाताला कडकडून चावले. बरं केलं! माय मात्र हसली नाही. तिला अक्षर येत नव्हतं. माझी शाळा सुटली तर मीही तिच्यासारखी मजुरीला लागणार, हे तिला दिसत होतं.

एक दिवस ती टोपली घेऊन माझ्यासोबत निघाली. वाटेत मी विचारलं, "माय, तुले भेव नाई लागत?"

"लागते ना! मनून तं हाकारा घालाव लागते."

मला वाटायचं, मोठी माणसं घाबरतच नाहीत.

मोहांच्या अलीकडे ती थांबली. "आता तू जाय. मी इथीच आहो. तू हाकारा घाल, मी जवाब देईन."

मी निघाले. मी 'हो' म्हटलं, मागून 'हो' आलं. असं करत ओढा ओलांडला आणि तिचा आवाज ऐकू येईनासा झाला. रडू फुटलं. माघारी पळावंसं वाटलं. पण माय तिकडे ओरडतच असणार, याची मला खात्री होती. मग मीही रडत रडत ओरडत शाळेपर्यंत गेले.

दुपारी परतले तर माय तिथेच बसलेली. टोपली रिकामी. एकही फूल वेचलं नव्हतं. घसा पार बसला होता.

"भेव लागलं का वो?" तिनं कसंबसं विचारलं.

"हाव, लागलं."

"मले बी," ती म्हणाली, आणि मला जवळ ओढून रडायला लागली.