दुसरी पाटी

जनाबायकडे सुक्या मासळीच्या पाट्या नेहमी दोन असत. एक काठोकाठ भरलेली, ती तिच्या डोक्यावर. दुसरीत तळाला चार मुठी सुकट आणि वर फडकं. रेवसहून लाँचने ती भाऊच्या धक्क्याला विकायला निघे, तेव्हा अधूनमधून ही हलकी पाटी गावातली एखादी बाई घेऊन जाई. लोक म्हणत, म्हातारीला दोन पाट्या झेपत नाहीत आता. शंका कुणाला येत नसे.

मी ती पाटी घेतली तेव्हा बीएची शेवटची परीक्षा दोन महिन्यांवर होती. आमच्या घराण्यात दहावीपुढे गेलेली मी पहिली. लग्नाला वर्ष झालेलं, पाळी चुकलेली. मला तेव्हा मूल नको होतं. सासूबाई म्हणाल्या, पेपर काय, पुढच्या वर्षीही येतील. नवऱ्याने त्यांचीच री ओढली. तालुक्याच्या डॉक्टरने नवऱ्याची सही आणायला सांगितली, आणि ती काही मिळणार नव्हती. सुकट आणायला म्हणून गेले आणि जनाबायसमोर रडले.

तिने वजन करता करता किती दिवस झाले ते विचारलं. मग म्हणाली, "प्वाट तुजा, सही बी तुजी. अठरा भरलीत ना तुला? मग नवरा कशाला लागतो?"

ती स्वतः अंगठेबहाद्दर. पण पूर्वी तिच्या शेजारच्या एका पोरीला असंच सहीसाठी परत पाठवलं होतं. ती पोर कुणाकडून तरी झाडपाला घेऊन आली आणि वाचली नाही. त्यानंतर जनाबायने मुंबईच्या सरकारी दवाखान्यात जाऊन डॉक्टरीणबाईंना कायदा विचारून घेतला. मी कॉलेजात शिकत होते, मला तो ठाऊक नव्हता.

दवाखान्यात माशांच्या वासामुळे तिला आत बसू दिलं नाही. दिवसभर ती जिन्याखाली बसून राहिली, दोन्ही पाट्या न विकता. परतताना दोन्ही तिनेच उचलल्या. रेवसचा धक्का जवळ आला तसं म्हणाली, "उद्यापासना माजी वलख दावू नको. मासली घे, भावावरना भांड, आनी जा."

सगळ्याच तसं करत असणार. बारशाला, हळदीला तिला कुणी बोलवत नसे. मी पास झाले त्या दिवशी पेढे घेऊन गेले, तर चार बायकांदेखत ती खेकसली, "मना कशाला पेढं? सुकट घेतंस का? न्हायतर हट बाजूला." मुकाट्याने पाव किलो घेतली. घरी पुडी सोडली तर आत सुकट नव्हतीच, महागाचे सोडे होते.

यंदा ती गेली. मूलबाळ नाही, पुतण्याने सगळं केलं. अंगणात पंधरा-वीस बायका लांब लांब उभ्या होत्या. त्यांतल्या कोण कोण तिच्यासोबत गेल्या होत्या, ते आम्हाला एकमेकींनाही माहीत नव्हतं. गिऱ्हाइकाने रडावं तेवढंच प्रत्येक जण रडली. मीसुद्धा.

तिचा शब्द मी इतकी वर्षं पाळला. आज मोडते. ती दुसरी पाटी एकदा माझ्या डोक्यावर होती.