पुसता न येणारी ओळ

मुलगा गेल्यावर त्याच्या खोलीतलं सगळं मी महिनाभरात वाटून टाकलं. कपडे, बूट, सायकल. कोणाच्या तरी कामी येतील. टेबलाखालचा कॉम्प्युटर तेवढा ठेवला. तो रात्रंदिवस चालायचा, मीही चालूच ठेवला. आमच्या गावात, कुडव्यात, लाइटचा भरवसा नाही, म्हणून आमच्या दुकानातला इन्व्हर्टर घरी आणून त्याला जोडला.

तो कॉम्प्युटर काय करतो, हे मुलाने एकदा सांगितलं होतं. ब्लॉकचेनमध्ये लिहिलेलं जगभरच्या हजारो मशीनवर जसंच्या तसं उतरतं, तसंच यावरही. नंतर ते कोणालाच खोडता येत नाही, लिहिणाऱ्यालाही नाही. मला पटावं म्हणून त्याने एक ओळ त्यात घातली आणि स्क्रीनवर दाखवली: ‘आई ओरडून राहिली, जेवाले ये.’

“मग ये ना, बह्याड,” मी म्हटलं.

पुढच्याच उन्हाळ्यात बालाघाट रोडवर ट्रकने त्याला उडवलं.

यंदा दिवाळीनंतर, मंडईच्या जत्रेच्या दिवसांत नणंदेची मुलगी आली. ती गोंदियाच्या कोर्टात वकिली करते, सायबरच्या केसेस घेते. खोलीत डोकावून ती म्हणाली, “मामी, हे काऊन चालू ठेवलं?”

मी सांगितलं. ती खाटेवर बसली.

“या चेनमध्ये कोणीतरी लहान लेकरांचे घाणेरडे फोटो घुसवले आहेत. सगळ्या मशीनवर ते उतरले. इथंही असतील.”

“मी काही उघडून पाहिलं नाही.”

“माहीत आहे. पण असलं जवळ ठेवणं हाच गुन्हा आहे. आतापर्यंत तुला माहीत नव्हतं, कोर्टात तसं सांगता आलं असतं. आता मी सांगितलं.”

“मग कायले सांगितलं?”

“पोलिसांनी येऊन सांगण्यापेक्षा बरं.”

तेवढंच काढून टाकता येत नाही का, असं मी विचारलं. मधलं एक काढलं की पुढचा सगळा मेळ तुटतो, ती म्हणाली. ठेवायचं तर सगळं, नाहीतर काहीच नाही. मग मला धीर द्यायला म्हणाली, “भावाची ओळ कुठं जात नाही, मामी. बाकीच्या मशीनवर ती कायमची आहे.”

“म्हणजे ते फोटोही.”

“हो,” ती म्हणाली.

“त्या लेकरांच्या आयांनी कोणाकडे जायचं?”

“घालणारा सापडला तर त्याला शिक्षा होईल. फोटो राहतील.”

म्हणजे इतके दिवस माझा इन्व्हर्टर दोन्ही सांभाळत होता. माझ्या मुलाची ओळही, आणि तेही.

मुलाचा एक मित्र नागपुरात कॉम्प्युटरचंच काम करतो. त्याला फोन लावला. कुठं काय दाबायचं ते तो सांगत गेला. शेवटी अडखळला. “काकू, आधी त्या ओळीचा फोटो काढून घ्या.”

“नको. पाठ आहे.”

सगळं पुसायचं का, असं स्क्रीनने पुन्हा विचारलं. मी ‘हो’ दाबलं. निळी पट्टी हळूहळू सरकू लागली. भाची म्हणाली, वेळ लागेल, तू बाहेर जाऊन बस.

आमच्याकडे बायका मसणात जात नाहीत. त्याला नेलं तेव्हा मी घरीच होते. या वेळी पट्टी भरेपर्यंत उभी राहिले.